सभागृहातला दगडी ओटा

धम्मशीलाबाई शाळेचे गणवेश शिवतात. पण मलकापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्यांच्या लहानशा शहरात लोक त्यांना ओळखतात ते नगरपालिकेच्या सभेला बसणारी बाई म्हणून. वडील गेल्यापासून एकही सर्वसाधारण सभा त्यांनी चुकवलेली नाही. मागच्या दगडी ओट्यावर बसायचं, मांडीवर सदऱ्यांचा ढीग घेऊन काज-बटणं करायची आणि ऐकायचं. प्रेक्षकाला बोलायचा अधिकार नसतो. ज्यांना असतो ते बहुधा पेंगत असतात.

त्या जागी पूर्वी खुर्च्या होत्या. बाईंचे वडील भाऊराव आले, की त्या हटकून कुणासाठी तरी राखीव निघत आणि भाऊरावांना खिडकीबाहेर उभं राहून लोकशाही ऐकावी लागे. मग एकदा नळाच्या प्रश्नावर कुणीतरी एक खुर्ची थेट अध्यक्षांवर भिरकावली. पालिकेने धडा घेतला. नळ दिले नाहीत. फेकता येणार नाही असं आसन बांधलं. खुर्चीवर रुमाल टाकून ती अडवता येते; एवढा लांब ओटा अडवायला कुणाकडे रुमाल नव्हता. पुढच्याच सभेला भाऊराव आत येऊन बसले.

अलीकडे सदस्यांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती आला. रिकाम्या सभागृहात साहेबांना स्वतःचं थंडगार दालन हवं होतं. ओटा आड येत होता. फोडायला गवंडी आला, तर ओट्यावर बाई.

"मावशी, उठा ना. मले काम करू द्या."

"कर ना बे. मी कुठी तुहा हात धरला?"

साहेब स्वतः आले. "बाई, आता इथे सभा होत नाहीत. कशाला बसता?"

"ठराव तं होतात ना? मंग मोठ्यानं वाचा. मी आयकाले आली."

एकदा वाचलं की बला टळेल, असं साहेबांना वाटलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं : ओटा तोडणे. सूचक प्रशासक, अनुमोदक प्रशासक, सर्वानुमते मंजूर.

"सर्व म्हंजे किती जन, साहेब?"

गवंडी हसला. साहेब हसले नाहीत. बाईंनी सुईत दोरा ओवला आणि त्या रोज कचेरी उघडताच येऊ लागल्या. अखेर साहेबांनी हा गहन विषय लोकनियुक्त सभेवर सोपवला आणि बदली करून घेतली.

यथावकाश निवडणूक झाली. उकंडराव प्रचाराला बाईंच्या गल्लीत आले, पाया पडले, "आक्का, तो ओटा म्हंजे आपली शान हाय," म्हणाले आणि नगराध्यक्ष झाले. पहिल्या सभेतला पहिला विषय : ओटा काढून पाहुण्यांसाठी सोफा ठेवणे. हात वर झाले. या खेपेला 'सर्वानुमते'मध्ये खरोखरच बरेच जण होते.

"आक्का," उकंडराव गोड आवाजात म्हणाले, "आता आपलंच राज आलं. आता काऊन बसता?"

"आपलंच हाय म्हनून तं बसली. माहा बाप खिडकीतून आयकत होता, भाऊ. मी नाई आयकनार."

"ठराव झाला, आक्का."

"तुमचा झाला. माहा नाई."

दुसऱ्या दिवशी गवंडी घण घेऊन आला, तेव्हा बाईंची पायाची शिलाई मशीन ओट्यासमोर मांडलेली होती. हातगाडीवरून आणली होती. जूनमध्ये शाळा उघडणार, गणवेश खोळंबून चालत नाही. बाई ओट्यावर बसून मशीन चालवत होत्या. गवंड्याचा पोरगा त्याच शाळेत. गवंड्याने घण भिंतीला टेकवला आणि पोराचा सदरा कधी मिळेल ते विचारलं.

पुढची सभा भरली ती मशीनच्या खडखडाटात. उकंडरावांनी घसा खाकरून विषय वाचायला घेतला. सदस्य ओरडले, "आयकू नाई येत!" उकंडराव जोरात वाचू लागले, मग आणखी जोरात, शेवटी गळ्याच्या शिरा ताणून.

बाईंनी मशीन थांबवली.

"हाव," त्या म्हणाल्या, "आता येते आयकू. वाचा."