लाइट गेली की ती बोलायची

त्या काळात भिवंडीत लाइट रोज ठरल्या वेळी जायची. ज्यांचे कापडाचे माग होते ते डोक्याला हात लावून बसायचे. कामगार बाहेर येऊन टपरीवर उभे राहायचे आणि वीज मंडळाला शिव्या घालायचे. आम्ही दोघी जावा मात्र लाइट जाण्याची वाट बघायचो. तेव्हा हे कोणाला सांगितलं असतं तर मलाही वेडी म्हणाले असते. तिला तर म्हणतच होते.

ती माझी धाकटी जाऊ. आमचं घर वडप्याच्या बाजूला, हायवेपासून आत. भाताच्या शेतावर गोदाम झालं होतं. आमचे हे त्याच गोदामात मुकादम आणि दीर टेम्पो चालवायचा. मी पहिल्यापासून कमी बोलणारी. माहेरी, सासरी, पाणवठ्यावर, सगळीकडे माझी मान खाली. शेजारीण म्हणायची, "हिचे घशान कोनी बूच मारलाय." धाकटी लग्न होऊन आली आणि माझ्या वाटणीचंही तीच बोलायला लागली. मला 'बाय' म्हणायची. माझ्या मनात काय आहे ते माझ्याआधी तिला कळायचं आणि ती सासूला सांगून टाकायची, "आई, बायला माहेरी जावाचा हाय, पन ती मरल तरी बोलाची न्हाय."

तांदळाची भाकरी तिच्यासारखी कोणाची नव्हती. पाण्याचा हात लावून ती अशी थापायची की परातीत भाकरी आपोआप फिरायची. मातीच्या तव्यावर टाकली की टम्म फुगायची. सासू म्हणायची, "हिचे भाकरीला पोट सुटतंय, हिला का न्हाय?" मग आम्ही तिघी हसायचो.

धाकटीला पहिली मुलगी झाली. ती चालायला लागली आणि दुसऱ्या वेळी सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं.

दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिला दूध आलं होतं. सासूनं तिची छाती फडक्यानं घट्ट बांधली. त्या दिवशी ती रडली. नंतर रडायचीही थांबली. आधी केस विंचरणं सुटलं, मग अंघोळ. मुलगी जवळ गेली की तिच्याकडे बघायची, पण हात पुढे करायची नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी तिच्यापुढे ताट ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. भगत येऊन गेला, नारळ फुटले, लिंबं झाली. सासूनं देवीला नवस केला, सून बरी झाली की अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात तिला अंघोळ घालीन, तुझी ओटी भरीन, आणि तोपर्यंत मासे खाणार नाही. आमच्यात मासे सोडणं म्हणजे काय ते आमच्याच लोकांना कळेल. म्हातारी नुसत्या डाळीबरोबर भात गिळायची, आणि आम्ही बोंबील भाजले की उठून अंगणात जायची.

शेवटी गावात येणाऱ्या नर्सबाईनं दिराला सांगितलं की हा आजार आहे, याला औषध आहे, भिवंडीत मनाचे डॉक्टर येतात. घरातल्या बायकांत चौथीपर्यंत शिकलेली मीच, म्हणून सोबत मला पाठवलं.

डॉक्टर भले होते. त्यांनी गोळ्या दिल्या आणि मला समोर बसवून समजावलं. पहिले काही आठवडे फरक दिसणार नाही, तोंड कोरडं पडेल, झोप येईल, तरी रोज द्यायची. आणि बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करायची नाही. मी सांगेन तेव्हा हळूहळू कमी करायची. मग म्हणाले, "गोळीनं हिला उठायचं बळ येईल. पण मनात काय अडकलंय ते गोळी विचारणार नाही. ते विचारायला शेजारच्या खोलीत मॅडम आहेत."

ती खोली म्हणजे मागच्या बाजूला कपाट आडवं लावून केलेली जागा. भिंतीच्या पलीकडे मागांचा कारखाना. खटखट खटखट, टेबलावरचा पाण्याचा ग्लासही थरथरायचा. धाकटी एकटी आत जाईना, माझा पदर सोडीना, म्हणून मॅडमनी मलाही बसू दिलं. त्या विचारायच्या, "ताई, आज कसं वाटतंय?" ती खाली बघायची. मीही खाली बघायची. आम्ही दोघी फरशीकडे बघत बसलेल्या, आणि मॅडम त्या आवाजात मोठ्यानं तेच पुन्हा विचारायच्या. मोठ्यानं विचारलं की ती अजून आक्रसायची. मला वाटायचं, हे असलं बोलणं आम्हाला जमणारं नाही. ज्यांच्या घरात मनातलं बोलायची रीत आहे, त्यांचं हे काम.

एका दिवशी आम्ही अशाच बसलो असताना लाइट गेली. पंखा थांबला. पलीकडचे माग एकेक करत बंद पडले. अशी शांतता झाली की मला माझ्या बांगड्या ऐकू आल्या. आणि धाकटी बोलली. हळू, जणू घरात कोणी झोपलंय.

"मना त्याचा तोंड न्हाय दावला."

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. मग तिनंच पुढे सांगितलं. बाळ फडक्यात गुंडाळून दिराच्या हातात दिलं. बायांनी सांगितलं, बघू नको, बघितलंस तर माया लागेल. तो तिथूनच खाडीकडे गेला आणि पुरून आला. "माया लागल म्हनतान. पोटान व्हता तवा काय लागली नवती?"

मॅडमनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कसा होता तो?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "बायसारखा. सावला. न् बोलाचा न्हाय." आणि माझ्याकडे बघून थोडं हसली, हसता हसता रडायला लागली. किती दिवसांनी रडली. मीही रडले. मॅडमनी आम्हाला दोघींना रडू दिलं. मग लाइट आली, माग सुरू झाले, आणि तिचं तोंड पुन्हा मिटलं.

त्यानंतर मॅडमनी आम्हाला लाइट जायच्या वेळेचीच पाळी दिली. बाहेर लोक शिव्या देत असायचे आणि आत ती बोलत असायची. काय काय बोलली ते मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. एवढंच लिहिते की मॅडमनी तिला कधी 'असं वाटून घेऊ नका' म्हटलं नाही. आम्ही घरातले सगळे दिवसभर तेवढंच म्हणत होतो.

मॅडमनी एकदा विचारलं, घरात तुम्हाला कोणतं काम आवडायचं. ती म्हणाली, भाकऱ्या. मग रोज एक भाकरी करा, त्या म्हणाल्या, एकच. मन असो नसो. घरी येऊन मी सासूला सांगितलं तर ती म्हणाली, "येक भाकरी? आनि बाकीच्यांनी काय तवा चाटाचा?" पण दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः परात मांडून दिली. पहिली भाकरी तुटली. धाकटी ती तशीच टाकून उठून गेली. नंतरची जाड झाली. पण ती रोज चुलीपाशी येऊन बसायला लागली, आणि तिची मुलगी तिच्या गुडघ्याला टेकून बसायला लागली. ती भाकरी त्या पोरीचीच ठरली. एका सकाळी भाकरी टम्म फुगली. पोरगी ओरडली, "आई, पोट सुटला," आणि धाकटी खळखळून हसली.

सासू ओटीवर तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि तिथूनच हात जोडले.

आमच्या घरात नवसाची एक रीत होती. नवस फेडला की दुखणं देवीच्या पदरात गेलं. त्यानंतर औषध घ्यायचं म्हणजे देवीवर संशय घेतला. आमचे हे लहानपणी मरता मरता वाचले, तेव्हा सासूनं असंच केलं होतं. ती हे काही वाईट मनानं सांगत नव्हती. सुनेसाठी तिनं किती दिवस मासे तोंडाला लावले नव्हते.

दिराच्या टेम्पोतून आम्ही अकलोलीला गेलो. कुंडाच्या पाण्यातून वाफ निघत होती. सासूनं तिला स्वतःच्या हातानं अंघोळ घातली, लहान मुलीला घालावी तशी. नवी साडी नेसवली. ओटी भरली. मग नदीकडे जाताना धाकटीला म्हणाली, "त्या गोल्या आनल्यास ना गो? सोर त्या पान्यान."

मी बोलले. माझ्या आयुष्यात चार माणसांत सासूपुढे मी तेव्हा पहिल्यांदा बोलले. "आई, डॉक्टर म्हणालेत, अजून बंद करायच्या नाहीत." माझा आवाज माझ्याच कानाला अनोळखी वाटला. सासूनं माझ्याकडे बघितलं, पण उत्तर धाकटीनं दिलं. ती खूश होती. ओल्या केसांची, गाल लाल झालेली.

"बाय, तू डाक्तरीन झालीस का? मी बरी झाली ना? बऱ्या मानसाला गोली कशाला? गावान मना गोलीवाली म्हनतान." आणि माझा हात धरून म्हणाली, "आता तू बोलाला लागलीस, म्हंजे मी बरीच झाली."

पाण्याच्या कडेला बसून तिनं एकेक गोळी कागदातून काढून सोडली, वाटाणे सोलावेत तशी. चंदेरी रिकामा कागद मुलीला खेळायला दिला. परत येताना पोरगी टेम्पोत त्या कागदाचं ऊन सगळ्यांच्या तोंडावर पाडत होती. त्या दिवशी सासूनं पापलेट खाल्लं. धाकटीनं सगळ्यांच्या भाकऱ्या केल्या.

दोन-तीन दिवसांत तिला चक्कर यायला लागली. डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं म्हणायची. उगाच चिडायची, पोरीवर ओरडायची. सासू म्हणाली, "देवीचा वारा हाय. जुना दुखना भायेर निंगतो." आणि खरंच ते थांबलं. काही आठवडे ती चांगली होती. तेव्हा मलाही वाटलं, सासू बरोबर असेल. मनापासून वाटलं.

मग एका सकाळी तिनं परात ओढली आणि पीठ तसंच ठेवून बसून राहिली. मी म्हटलं, "काय गं?" तर म्हणाली, "बाय, हात माझं न्हाय वाटत." त्यानंतर सगळं पुन्हा तसंच, एकेक. केस, अंघोळ, भिंत. पण पहिल्या वेळी सगळ्यांना तिची दया येत होती, आता येत नव्हती. गावात म्हणाले, देवीनं दिलेलं हिला राखता आलं नाही.

मासे साफ करताना मी सासूला म्हटलं, "आई, तिला परत दवाखान्यात नेऊ या." ती ओरडली नाही. कोयत्यावर हात तसाच ठेवून म्हणाली, "आता गोली दिली त देवीला काय तोंड दावू? नवस फेरलाय ना गो आपुन." मग साफ केलेलाच मासा पुन्हा खरवडायला घेतला. तीही घाबरली होती, हे मला तेव्हा दिसलं.

दिराला मात्र धीर नव्हता. त्यानं धाकटीच्या भावाला बोलावून घेतलं. थोडे दिवस माहेरी राहू दे म्हणाला. मुलगी आमच्याकडेच राहील, हिला कुठे भान आहे. ती निघाली तेव्हा पोरगी माझ्या कडेवर होती. धाकटीनं तिच्याकडे बघितलंही नाही. रिक्षात बसवलं तशी बसली.

दोन दिवसांनी मी घरात बाजाराला जाते सांगून मॅडमकडे गेले. एकटी. लाइट होती, माग चालू होते. मी तोंड उघडलं तर मॅडमनी ऐकू येईना म्हणून कानामागे हात धरला. मग मी मोठ्यानं बोलले. भिंतीपलीकडच्या त्या खटखटीवरून, ओरडून, सगळं सांगितलं. गोळ्या नदीत सोडल्या, ती पुन्हा पडली, तिला पाठवून दिलं. घसा दुखेपर्यंत बोलले. मॅडम म्हणाल्या, गोळ्या परत सुरू करता येतात. ती इथपर्यंत एकदा आली होती, पुन्हा येऊ शकते. तिचं मन कमकुवत आहे म्हणून ती पडली नाही, औषध सुटलं म्हणून पडली. हे तिला सांगा, तिच्या माणसांना सांगा.

मी तिथूनच तिच्या माहेरी गेले, खाडीच्या बाजूला. ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्या पाठीला हात लावून मॅडमचं बोलणं सांगितलं. तिनं ऐकलं का माहीत नाही. मग ओटीवर येऊन तिच्या भावाला सांगितलं. परक्या पुरुषासमोर मी कधी उभी राहिले नव्हते. तो माणूस बारीक डोळे करून ऐकत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "तुमच्या घरातून आलायत म्हणून विश्वास नाही. पण नेतो."

त्यानं नेलं. हे मला नर्सबाईकडून कळत राहिलं. गोळ्या सुरू झाल्या, मॅडमकडे जाते, उठून बसते, खाते. मी ते सासूला सांगितलं. सासूनं पुन्हा मासे सोडले, यावेळी कोणाला न सांगता. पण दिरानं वाट बघितली नाही. त्यानं दुसरी बायको केली. नवी मुलगी गरीब आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यानंतर धाकटीच्या भावानं निरोप पाठवला की तुमच्या घरातलं कोणी आता आमच्या दारात येऊ नये. तिला त्रास होतो. मॅडमनीही तेच सांगितलं असणार. मला कळलं. मी त्या घरातलीच.

पोरीला मी सांभाळलं. आता ती मलाच आई म्हणते. सुरुवातीला रोज विचारायची, आई कधी येणार. मग विचारायची थांबली.

भिवंडीच्या बाजारात धाकटी मला एकदा दिसली. सुक्या मासळीच्या ओळीत, वहिनीबरोबर. केस नीट विंचरलेले, अंगात जरा भर आलेली, वहिनीला काहीतरी सांगून हसत होती. माझे पाय तिथेच थांबले. तिनं मला बघितलं. हसू गेलं, पण तोंड फिरवलं नाही. जवळ आली. मला वाटलं, बाय म्हणेल.

"पोर जेवते ना?" तिनं विचारलं.

मला खूप सांगायचं होतं. की भाकरी फुगली की पोर अजून तसंच ओरडते. की सासू अजून मासे खात नाही. की तू म्हणालीस तशी मी बोलायला लागले होते, पण आता घरात ऐकायला कोणी नाही. 

"जेवते," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि वहिनीच्या मागून गर्दीत गेली. बाजारामागचे माग चालू होते.