ऑप्शनला टाकलेलं साल

नवरा माझ्या व्हिसावर होता. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण दोन हजार साली आमच्या घरात ते कुणी मोठ्याने म्हणत नसे. दुबईत बायका नवऱ्याच्या व्हिसावर येतात, तशीच मीही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याहून आले होते. मग ह्यांची कंपनी गुंडाळली गेली आणि दुसरी नोकरी काही मिळेना. बाईने नवऱ्याला स्पॉन्सर करायची मुभा तेव्हा मोजक्याच पेशांना होती, त्यात शिक्षिका बसत. माझं बी.एड. झालेलं होतं. शारजाच्या हद्दीजवळ अमेरिकन अभ्यासक्रमाची एक शाळा होती, तिथल्या सोशल स्टडीजच्या बाई मध्येच सोडून गेल्या होत्या आणि शाळेला घाईने कुणीतरी हवं होतं. मी गेले आणि चिकटले. शाळेने मला व्हिसा दिला, माझ्या व्हिसावर मी ह्यांना आणि मुलीला घेतलं, आणि अल कुसैसमधलं आमचं बिऱ्हाड तेवढ्यापुरतं वाचलं.

पण मी प्रोबेशनवर होते. डिसेंबरमध्ये कन्फर्म झाले तर ठीक, नाहीतर तिघांनीही गाशा गुंडाळायचा. मुलगी तिथल्याच इंडियन स्कूलमध्ये दहावीला होती, बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. व्हिसा गेला की शाळा गेली, आणि दहावीच्या मुलीला पुण्यात जानेवारीत कोण दारात उभं करणार? मला ती नोकरी आयुष्यभर नको होती. मला मार्चपर्यंत हवी होती. त्या दिवसांत देवापुढे बसले की मी दुसरं काही मागतच नसे.

ऑक्टोबरमध्ये निरोप आला की प्रिन्सिपॉल माझा तास बघायला येणार आहेत. प्रिन्सिपॉल अमेरिकन, साठीचे, उंच आणि किंचित वाकलेले. कॉरिडॉरमध्ये भेटले की नेहमी हसायचे, त्यामुळे मनात काय आहे ते कधीच कळायचं नाही. अमेरिकेत तेव्हा अध्यक्षाच्या निवडणुकीची धामधूम होती आणि सातवीच्या पुस्तकात तोच धडा होता. कुठलंही एक राज्य निवडा आणि त्याने आजवर कुणाला मतं दिली त्याचा अभ्यास करा, असा स्वाध्याय होता. मी कॅन्सस निवडलं. कारण अगदी साधं होतं. एकोणीसशे चाळीसपासून ते राज्य दर वेळी रिपब्लिकन पक्षाकडेच गेलेलं असं मी धरून चालले होते, म्हणजे मुलांना पाठ करायला एकच उत्तर. प्रिन्सिपॉल मूळचे कुठले, हे विचारावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

ह्यांनी सायबर कॅफेत जाऊन प्रिंटआऊट काढून आणले. दिवसभर घरात बसून माणूस अर्धा झाला होता. काम मिळालं म्हणून त्यांना जरा हुरूप आला. जेवणाच्या टेबलावर मोठा कार्डपेपर पसरून त्यांनी पट्टीने चौकटी आखल्या, आणि मुलीने बोर्डाचा अभ्यास बाजूला ठेवून त्यांत पक्षांची चिन्हं काढली. रिपब्लिकनांचा हत्ती, डेमोक्रॅटांचं गाढव. हत्तीमागून हत्ती काढून ती वैतागली.

"बाबा, धिस इज सो बोरिंग. व्हाय डू दे ईव्हन हॅव इलेक्शन्स देअर?"

"अगं, बालेकिल्ला आहे तो त्यांचा," हे म्हणाले. "आणि गाढवाला मत द्यायला कोण जाईल?"

तिघंही हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो. मग ह्यांनी चष्मा वर करून कागद पुन्हा पाहिला. "थांब, एक गाढव आहे. चौसष्ट साली."

"ते ऑप्शनला टाका," मी म्हणाले. "एका गाढवासाठी मुलांचा गोंधळ नको."

पण तक्त्यात ते काढावंच लागलं, चौकट रिकामी दिसली असती. वर्गात मात्र मी मुलांना सांगून टाकलं की हे साल सोडून द्या, हे काही विचारणार नाहीत. आणि मग इन्स्पेक्शनच्या आधी जे करतात ते सगळं केलं. प्रश्न ठरवले, कुणी कोणतं उत्तर द्यायचं ते ठरवलं, तीन-चारदा तालीम घेतली. आणि आमच्या गावच्या शाळेत साहेब यायचे तेव्हा गुरुजी सांगत, तेच मी सांगितलं: प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. म्हणजे वर्ग हुशार दिसतो आणि बाई फक्त उजव्या हातांना उठवतात. मला आजही यात लबाडी वाटत नाही. सगळा वर्ग हात वर करून बसलाय हे पाहून साहेबांनाही बरं वाटायचं, मुलांनाही, आणि कुणाचं काही बिघडायचं नाही. त्या सातवीत इजिप्तची, लेबनॉनची, जॉर्डनची, पाकिस्तानची, केरळची मुलं होती. सगळ्यांना ती युक्ती खेळासारखी आवडली.

प्रिन्सिपॉल आले आणि मागच्या बाकावर बसले. तास सुरेख चालला होता. प्रत्येक प्रश्नाला जंगलासारखे हात वर, मी उजवे निवडून उठवत होते, उत्तरं खणखणीत येत होती. माझ्या मनात मार्च, मार्च एवढंच चाललं होतं. घंटा व्हायला थोडा वेळ उरला असताना ते उठून तक्त्यापाशी आले. बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी त्या एकुलत्या एका गाढवावर बोट ठेवलं आणि मुलांकडे वळून विचारलं, "चौसष्ट साली काय झालं, कोण सांगेल?"

सगळा वर्ग हात वर करून बसला. सगळेच्या सगळे डावे.

त्यांनी एका मुलाला विचारलं, त्याला येईना. दुसऱ्याला विचारलं, त्यालाही नाही. मग त्यांच्या लक्षात आलं. "सगळ्यांनी डावाच हात का वर केलाय?" त्यांनी खरोखर कुतूहलाने विचारलं.

जॉर्डनची एक गोड मुलगी पुढच्याच बाकावर होती. तिने मनापासून सांगितलं, "सर, राइट हँड इफ वी नो, लेफ्ट हँड इफ वी डोन्ट. मॅम टोल्ड अस."

वर्ग हसला. तेही हसले. मी एकटी नाही हसले.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी रडणार नाही असं ठरवून गेले होते आणि खुर्चीत बसताक्षणी रडले. नवऱ्याची नोकरी, मुलीची दहावी, मार्च, सगळं सांगून टाकलं. एरवी ज्याला आपण घरातलं अवाक्षरही सांगणार नाही, अशा परक्या माणसासमोर पदर पसरला. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मी कॅन्ससचा आहे."

मला वाटलं, संपलं सगळं. पण ते रागावले नव्हते. चौसष्ट साली त्यांनी पहिल्यांदा मत दिलं होतं, गाढवाला, आणि त्या वर्षी कॅन्ससमध्ये गाढव जिंकलं. "मला वाटलं, मत देणं म्हणजे हेच," ते म्हणाले. "त्यानंतर दर वेळी तिथेच देतो. पुन्हा कधी जिंकलो नाही." तिथे राज्यात जो पुढे, त्याच्याच पदरात राज्याची सगळी मतं पडतात. प्रिन्सिपॉलसारख्यांची कुठेच जात नाहीत.

"मग देता कशाला?" मी नाक पुसत विचारलं.

"यंदाचं गेल्या आठवड्यात पोस्टाने पाठवलं," ते म्हणाले. जणू तेच उत्तर होतं.

मला नीट कळलं नाही. आमचं पुण्यातलं नाव मतदार यादीतून केव्हाच उडालं होतं, आणि दुबईत मत हा विषयच नव्हता. उठताना ते म्हणाले, कन्फर्मेशनचा निर्णय पाच जणांची कमिटी घेते, मी त्यात आहे, आणि माझं मत तुम्हाला आहे. मी तरंगत घरी आले. ह्यांनी शिरा केला.

नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मतदान झालं आणि निकालच लागेना. कॅन्ससचा लागला होता, नेहमीसारखाच, पण देशाचा अडकला. टीव्हीवर रोज मतपत्रिका डोळ्यांशी धरून बघणारी माणसं दिसत. हे सोफ्यावर बसून ते तासन् तास बघायचे आणि मला चीड यायची. अहो, आपला निकाल काय लागतोय ते बघा! ते म्हणायचे, "अगं, होईल. इन्शाल्ला. प्रिन्सिपॉल आपल्या बाजूला आहे ना?" मुलगी आतल्या खोलीत गणितं सोडवत असायची. दाराखालून तिच्या दिव्याचा उजेड रात्री उशिरापर्यंत दिसायचा.

डिसेंबरात प्रिन्सिपॉलनी पुन्हा बोलावलं. ह्या वेळी हसत नव्हते. "चार विरुद्ध एक," ते म्हणाले. "एक मी होतो."

"तुम्ही त्यांना सांगितलंत? मुलीचं? मार्चचं?"

"चर्चा झाली नाही. मतदान झालं."

"तुमच्या त्या एका मताचं मी काय करू?" मी म्हणाले. मराठीत म्हणाले की इंग्रजीत, आठवत नाही, पण त्यांना कळलं.

माणूस भला होता, हे मी नाकारत नाही. पण मला त्यांचा राग आला आणि अजून येतो. हरायची इतकी सवय झाली होती त्यांना, की मत दिलं म्हणजे आपलं काम झालं असं त्यांना वाटे. हात वर केला, मोजला गेला, हरला, खलास. त्यांनी टेबल आपटायला हवं होतं. शाळेच्या मालकाच्या दारात जाऊन बसायला हवं होतं. त्यांच्या जागी आमच्या गावचे गुरुजी असते तर कमिटीतल्या त्या चौघांच्या घरी जाऊन चहा पीत विनवण्या करून आले असते. मला बाजूने मत देणारा नको होता, भांडणारा हवा होता.

स्पॉन्सरचा व्हिसा रद्द व्हायच्या आधी त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचा रद्द करावा लागतो. म्हणजे माझ्या आधी ह्यांचा आणि मुलीचा, आणि अर्ज करणारी मीच. अर्ज टाइप करून देणाऱ्याच्या दुकानात आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो. पहिल्यांदा ह्यांचा कागद आला. मी सही केली, ह्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग मुलीचा आला. तिने माझ्या पेनावर हात ठेवला.

"आई, माझा राहू दे ना. फक्त मार्चपर्यंत."

टाइपिस्ट वाट बघत होता. मी तिचा हात अलगद बाजूला केला आणि सही केली.