शत्रूचा म्हणून उभा केलेला रणगाडा

पत्र टाइप होऊन तयार होतं. फक्त माझी सही बाकी होती. ‘शाळेच्या मैदानातील रणगाडा एकाहत्तरच्या युद्धात शत्रूकडून हस्तगत केलेला आहे, याची मी तपासणीअंती खात्री देतो.’ तपासणी अजून व्हायची होती. मी मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा पीत बसलो होतो आणि रणगाडा मी खिडकीतून पाहिला होता, तेवढाच.

मला तिथंच शंका आली. तशी मला ती लवकरच येते. नगरच्या लष्करी वर्कशॉपमधून मी टेक्निशियन म्हणून रिटायर झालो. उभी नोकरी रणगाड्यांच्या पोटाखाली आडवं पडून काढली. आता कुठं जुना रणगाडा शोभेला ठेवायचा असला, की तो नेमका कोणता हे सांगायला मला बोलावतात. बायको म्हणते, तुम्ही दूधवाल्याकडंही ओळखपत्र मागाल.

शाळा श्रीगोंदा तालुक्यातली. संस्थेच्या चेअरमनना भलती घाई होती. रविवारी उद्घाटन, मोठे पाहुणे, बोर्ड रंगवायला दिलेला. फाइल जाडजूड, पण रणगाडा मिळाल्याचा मूळ कागद तिच्यात नव्हता. विचारलं, तर म्हणाले, शोधतोय. सत्काराच्या यादीत एका नावावर पेनानं काट मारलेली दिसली. हे कोण, असं चेअरमनना विचारलं.

“गावातले दफेदार. म्हातारं भ्रमिष्ट झालंय, साहेब. ही गाडी दुश्मनाची न्हाई म्हणून गावभर सांगत फिरतंय.”

दफेदार म्हणजे रणगाडा पलटणीतला हवालदार. ते मैदानात रणगाड्याशेजारीच उभे होते. धोतर, टोपी, हातात काठी, वय पंचाहत्तरच्या पुढं. एकाहत्तरला मी रणगाडा चालवत होतो, असं ते आजवर सांगत आले होते. गावात त्यावर चेष्टा चालायची, असं मुख्याध्यापकांनी मला वाटेत सांगितलं. मला चेअरमनचा संशय होताच, आता म्हाताऱ्याचाही आला. युद्धावर न गेलेले पण युद्ध सांगणारे मी पुष्कळ पाहिलेत.

म्हणून एक खडा टाकून पाहिला. “बाबा, हिचं स्टिअरिंग फार जड लागायचं का हो?”

या रणगाड्याला स्टिअरिंग नसतंच. दोन बाजूंना दोन दांडे असतात. डावा ओढला की गाडी डावीकडं, उजवा ओढला की उजवीकडं. थापाड्या माणूस हमखास म्हणतो, हो हो, लई जड. दफेदारांनी काठी बगलेत धरली आणि दोन्ही मुठी हवेत मागं ओढून दाखवल्या. मी मनात म्हटलं, नगरच्या रणगाडा म्युझियममध्ये पाहिलं असेल.

मग कामाला लागलो. रणगाडा ओळखायला आधी चाकं मोजायची. पट्ट्याच्या आत एका बाजूला पाच मोठी चाकं, त्यात पहिल्या-दुसऱ्यामधलं अंतर जास्त. म्हणजे रशियन घराणं नक्की. घोळ पुढं होतो. एकाहत्तरला आपल्याकडं टी-५५ होते आणि समोरच्यांकडं टाइप-५९. तो चिनी, पण त्याच रशियन नमुन्यावरून बेतलेला. दोघं सख्ख्या भावांसारखे दिसतात. फरक वर टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या डोक्यावर. टाइप-५९ वर हवा खेळती ठेवायला पुढं उजवीकडं ताटलीएवढा बुटका घुमट असतो. आपल्या टी-५५ वर तो नसतो.

शिडी लावून वर चढलो. घुमट होता. जिथं असायला हवा, अगदी तिथंच.

खाली शिक्षक, क्लार्क, शिपाई असे दहाबारा जण माना वर करून उभे होते. मी वरूनच मोठ्यानं सांगितलं, “बाबा, तुमची चूक होतेय. गाडी शत्रूचीच आहे.” दोघंचौघं हसले. चेअरमननी पेन पुढं केलं.

दफेदार हसणाऱ्यांकडं बघत राहिले. मग म्हणाले, “माझा गनर अशाच गाडीत गेला, साहेब. माझ्या पाठीमागच्या सीटवर. तिला दुश्मनाची कशी म्हनू?”

मला वाईट वाटलं, पण वाईट वाटलं म्हणून घुमट नाहीसा होत नाही. मी काही बोलणार, तोच ते म्हणाले, “ते टोपान वाजवून बघा.”

खिशात पाना होता. आधी शेजारच्या चिलखतावर मारला. भिंतीवर मारावा तसा बद्द आवाज आला. मग घुमटावर मारला. तो टण्णकन वाजला.

गुडघे टेकून ताजा हिरवा रंग पान्यानं खरवडला. घुमटाच्या मधोमध वेल्डिंगनं बुजवलेलं चौकोनी भोक निघालं. तो ट्रॅक्टरमागच्या कुळवाचा, ढेकळं फोडणारा लोखंडी तवा होता; भोक त्याच्या दांड्यासाठीचं. कुणीतरी इंटरनेटवरचा फोटो बघून, जागा मोजून, तो पालथा घालून जोडला होता. काम सफाईदार होतं, हे मान्य करायला हवं.

मला लहानपणीचे प्लास्टिकचे सैनिक आठवले. वडिलांनी बाजारातून पाकीट आणलं होतं, सगळे हिरवे. लढाईला शत्रू हवा म्हणून थोरल्या भावानं निम्मे आईच्या नेलपॉलिशनं लाल रंगवले आणि मला सांगितलं, हे दुसऱ्या दुकानातले. मी एकेक उलटा करून पाहिला. सगळ्यांच्या तळाला साच्याची तीच चीर होती. भाऊ चिडला, पण त्यात कुणाचा गनर गेला नव्हता. इथं मात्र मला संताप आला, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच होता.

खाली उतरून दफेदारांना विचारलं, हे तुम्हाला कसं कळलं?

“गाडी ट्रेलरवरनं उतरली तवा मी हितंच उभा हुतो. तवा वर काय बी नव्हतं.”

“मग मला आल्याआल्याच का नाही सांगितलंत?”

“तुमी स्टिअरिंगचं इचारत हुता.”

मूळ कागद पाच मिनिटांत सापडला. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं: टी-५५, सेवेतून बाद. चेअरमन मला बाजूला घेऊन म्हणाले, आपलाच रणगाडा बघायला पाहुणे कशाला येतील? मी टाइप केलेलं पत्र उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूवर खरं ते हातानं लिहिलं आणि सही केली. तवा माझ्यासमोर कापून काढायला लावला आणि काट मारलेलं नाव क्लार्ककडून पुन्हा लिहून घेतलं.

एक काम उरलं होतं. दफेदारांना चुकीचं ठरवलं होतं ते दहाबारा जणांसमोर, म्हणून माफीही त्यांच्याचसमोर मागितली. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “तुमी निदान वर चढून बघितलं. ह्या गावानं आजपत्तुर माझा एक कागद बी मागितला न्हाई. नुसतं हसलं.” मग कोपरीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं, लष्करातून सुटताना मिळालेलं डिस्चार्ज बुक काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. ट्रेडच्या रकान्यात ‘ड्रायव्हर, टी-५५’ असं होतं. मी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. कुणी हसलं नाही.

तेव्हापासून मी संशयाचा क्रम बदलला आहे. आधी मी ज्यांवरून रणगाडा ओळखतो त्या खुणांवर, मग कागदावर, आणि माणसावर सगळ्यात शेवटी.