नाचणीच्या बागेतली खाट

त्या वर्षी दसऱ्याच्या सुटीत भावाची मुलं आमच्याकडे राहायला आली. वहिनीला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. भाऊ म्हैसूरच्या कडेला बोगादीला राहायचा. तिकडे तेव्हा नुकती कुठे घरं उठत होती. त्यानं मुलांना सायकलवरून आणून सोडलं. आईकडे परत कधी जायचं, असं मुलांनी विचारलं तोवर त्यानं सायकल वळवली होती.

मुलगी मोठी, मुलगा तिच्याहून लहान. दोघं नुसती खिडकीत बसून राहायची. मला मूलबाळ नव्हतं. मुलांना रमवायचं कसं ते ठाऊक नव्हतं, ठाऊक होतं ते शिवणकाम. आमच्या शिंप्याच्या घरात चिंध्यांना तोटा नाही. बोचकं मुलांपुढे सोडलं. म्हैसूरच्या बाकी घरांसारखं आम्हीही नवरात्रात पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतो आणि खाली जमिनीवर छोटीशी बाग करतो. यंदाची बाग तुम्ही करा, म्हटलं. दसऱ्याच्या मिरवणुकीचे हत्ती करू.

"बेडा, आत्या," मुलगी म्हणाली. नको म्हणायला आमच्या तोंडात कन्नडच आधी येतं.

मग मी एकटीच बसले. परातीत माती पसरून नाचणी पेरली. करड्या सुटाच्या तुकड्याचा हत्ती बेतला. दारावरच्या पडद्यातून ऊन झिरपत होतं, लांब कुठेतरी बँडचा सराव चालला होता, सूर मधेच यायचे, मधेच विरायचे. मला डुलकी लागत होती, त्यात सोंड वाकडी शिवली गेली. मुलगा कधी जवळ सरकला कळलं नाही. हा जांभई देतोय, तो म्हणाला. मी सोंड उसवायला घेतली तर त्यानं माझा हात धरला. मग त्याला सगळेच हत्ती पेंगुळलेले हवे होते. तो कापूस भरत गेला, मी शिवत गेले.

मुलगी मात्र पाठ फिरवून बसलेली. एका दुपारी मी झोपून उठले तर ती बोचक्याशी होती. काड्यापेट्या चिकटवून तिनं खाट केली होती. खाटेवर दोऱ्यानं बांधलेली चिंध्यांची बाहुली, पोट मोठं, अंगावर निळ्या मखमलीचं पांघरूण.

"हिला बागेत ठेवू?" तिनं विचारलं.

नाचणी तोवर उगवून आली होती. त्या कोवळ्या हिरव्या रानात तिनं खाट ठेवली, भोवती धाकट्याचे हत्ती उभे केले.

संध्याकाळी बाया बाहुल्या बघायला यायच्या. एकीनं हसून विचारलं, मिरवणूक सोडून ही कोण झोपली आहे?

"माझी आई आहे. हळू बोला," मुलगी म्हणाली.

ती बाई खाली बसली, बराच वेळ बघत राहिली. जाताना तिनं दारातल्या बायांच्या कानात काही सांगितलं असावं. त्यानंतर जी येई ती कुजबुजतच बोले. आरतीसुद्धा अंगाई म्हणावी तशी हलक्या आवाजात झाली.

विजयादशमीच्या संध्याकाळी एक बाहुली आडवी करायची आणि मग सगळ्या आवरायच्या, अशी रीत आहे. मी वरच्या पायरीवरच्या लाकडी राणीला हात लावला तेव्हा मुलीनं मला थांबवलं. तिनं आपली बाहुली उठवून एका हत्तीला टेकवून बसवली. रिकाम्या खाटेवर मग राणीला निजवलं.

"आता हिची पाळी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भाऊ मुलांना घेऊन गेला. नाचणीचे कोंब मी गाईला घातले आणि दुपारभर मशीनवर नुसतीच बसून राहिले.

थंडीत वहिनीला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, सुखरूप. बारशाला गेले तेव्हा मोठी मला बाजूला घेऊन गेली. बाळासाठी मोहरीची उशी तिला स्वतः शिवायची होती, दोऱ्यानं बांधून नाही, खरी. मी तिला जवळ बसवलं आणि सुई कशी धरायची ते दाखवलं.