पंखा बंद असताना ऐकलेलं गाणं

मंडळी, आज संध्याकाळी गंगापूर रोडच्या एका छोट्या कॅफेत गाणं ऐकायला गेले होते.

गाणारी मुलगी स्वतःच गाणी लिहिते, स्वतःच गिटार वाजवते. तिच्या कार्यक्रमाची जागा कधी जाहीर होत नाही. तिकीट काढलेल्यांना त्याच दिवशी सकाळी मेसेज येतो. मला वाटलं, ही नवीन फॅशन असेल. पोचल्या पोचल्या मी फोटो काढला आणि तिचं नाव, कॅफेचं नाव टाकून स्टोरी ठेवली.

ती खुर्चीत बसून म्हणाली, "पंखा बंद कराल? माझा आवाज त्याच्यापेक्षा लहान आहे." आम्ही हसलो. मग ती इतकं हळू गायली की शेजारणीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

त्यामुळेच जिन्यावरचे बूटही ऐकू आले. दारात एक माणूस उभा होता, हातात निशिगंधाची फुलं. तिकीट विचारल्यावर शांतपणे म्हणाला, "ती ओळखते मला."

ती ओळ अर्धवट सोडून थांबली. गिटार छातीशी धरली. "याला इथला पत्ता कोणी सांगितला?" एवढंच म्हणाली. आयोजकांनी तिला मागच्या दाराने नेलं. त्याने आरडाओरडा केला नाही. फुलं तिच्या खुर्चीवर ठेवली आणि निघून गेला.

तुम्हीही असंच लगेच लोकेशन टाकता का?

मी स्टोरी उडवली. पण आत्ताच एका अनोळखी अकाउंटवरून मेसेज आलाय. "धन्यवाद मॅडम. तिच्या पुढच्या कार्यक्रमालाही जाणार ना?"