दोन अर्जांवरचा अंगठा

"डाव्या बाजूच्या मेंदूला रक्त पोचलेलं नाही. स्ट्रोक आहे," डॉक्टर म्हणाले. "उजवा हात आणि पाय लुळा पडलाय, तो व्यायामानं बराचसा परत येईल. पण बोलण्याचं केंद्रही त्याच बाजूला असतं. ह्यांना अफेजिया झालाय."

सांगलीच्या हॉस्पिटलात, आयसीयूच्या दारात उभी राहून मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. अफेजिया म्हणजे वाचा जाणं. जीभ जागेवर असते, आवाज असतो, समोरच्याचं बरंचसं कळतही असतं, पण पाहिजे तो शब्द सापडत नाही.

"परत बोलत्याल न्हवं?" मी विचारलं.

"किती बोलतील ते आज सांगता येणार नाही," ते म्हणाले.

ज्यांच्या घरात असं घडलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं नाव सुनंदा. म्हसवडपासून आटपाडीकडे जाताना माळावर आमची वस्ती आहे. माझे सासरे मेंढरं घेऊन कोकणापर्यंत फिरायचे. त्यांचा हा मुलगा, म्हणजे माझा नवरा, एकोणिसाव्या वर्षी फौजेत भरती झाला आणि नायब सुभेदार होऊन घरी आला. घरी येऊन आठ महिने झाले होते, तेव्हा हे घडलं.

त्या आठ महिन्यांबद्दल आधी सांगते, कारण माझं खरं दुखणं तिथं आहे. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. त्यातली दोनच वर्षं मी क्वार्टरमध्ये त्यांच्यासोबत राहिले. बाकी सगळी ते सुट्टीवर येतील तेवढ्याच भेटींवर गेली. रविवारी फोन यायचा. त्यात पाऊस, मेंढरं, सासूबाईंचा गुडघा, स्नेहलची शाळा एवढंच मावायचं. स्नेहल आमची एकुलती एक मुलगी. फोन ठेवताना ते म्हणायचे, "ऱ्हायलेलं पेन्शनीला आल्यावर बोलू." मीही तसंच ठेवत गेले. काही रुसवे ठेवले, काही गमती ठेवल्या. ते पेन्शनीला आले. मग घराचं पत्र्याचं काम निघालं, बोअर निघालं, आणि आम्ही पुन्हा म्हटलं, जरा हातातलं होऊ दे.

हे घडलं त्याच्या आदल्या दिवशी ते साताऱ्याला माजी सैनिकांच्या कार्यालयात जाऊन आले होते. स्नेहल बारावी झाली होती, तिला नर्सिंगला जायचं होतं. सैनिकाच्या मुलांना शिक्षणात सवलत असते. त्यासाठी ती सैनिकावर अवलंबून असल्याचा दाखला लागतो. त्याचा अर्ज त्यांनी आणला. पण पिशवीतून अर्ज दोन निघाले.

"ही सवलत पोरीपुरती न्हाई," ते म्हणाले. "कारभारणीलाबी हाय. म्या नीट ईचारून आलोय. तू धाव्वी पास झाल्यावर शाळा सोडलीस. आता बारावीचा फॉर्म भर, म्होरं काय पायजे ते शीक."

"आवं, माझं वय काय, तुमचं बोलणं काय! लोकं हसत्याल."

"हसू देत. म्या पल्टणीत व्हतो तवा हितलं सगळं तू वढलंस. माझ्या नोकरीत निम्मी नोकरी तुझी हाय."

मी हसले आणि तो अर्ज फळीवर डब्याखाली अंथरला. चिडवायलाच अंथरला. ते गोठ्याकडे निघून गेले.

सकाळी चहा पिताना कप त्यांच्या उजव्या हातातून सुटला. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला. मला वाटलं, कालचा राग काढून तोंड वेंगाडतायत. मी म्हटलं, "पुरे झाली नाटकं." तेवढ्यात ते भिंतीला टेकून खाली घसरले.

इथे आमची चूक झाली, ती तुम्ही करू नका. आम्ही त्यांना सावलीत झोपवलं, तळपायाला तेल चोळलं, कुणी कांदा हुंगवला. कुणी म्हणालं, ऊन लागलंय. यात तास-दीड तास गेला. मग म्हसवडच्या डॉक्टरांनी बघताक्षणी अॅम्ब्युलन्स मागवली. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला सांगलीत कळलं. आम्ही पोचलो तेव्हा ती वेळ टळून गेली होती. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, शब्द बोबडे झाले की काही चोळू नका, गाडी काढा.

पाचव्या दिवशी त्यांना वॉर्डात हलवलं. सातव्या दिवशी पहिला शब्द आला, "व्हय."

मी रडले. सिस्टरला बोलावून आणलं. मी विचारलं, "पानी देऊ?" "व्हय." "नको?" "व्हय." "मी कोन हाय?" "व्हय." तेव्हा कळलं की त्यांच्याकडे तेवढाच एक शब्द उरला आहे आणि तो ते सगळ्याला वापरतायत.

स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलायला परत शिकवणाऱ्या मॅडम, आठवड्यातून तीनदा यायच्या. त्यांनी मला सांगितलं, "ताई, त्यांच्या शब्दावर जाऊ नका. मान बघा, डोळे बघा. तोंडातून होय येतं, पण मान नाही म्हणत असते." हे मला ऐकू आलं, पण लगेच जमलं नाही. एकदा मॅडमनी त्यांना आकडे म्हणायला लावले. मॅडमनी "एक" म्हटलं आणि ह्यांच्या तोंडून धडाधड निघालं, "एक दो एक, एक दो एक!" परेडचं. सगळा वॉर्ड बघायला लागला. मॅडम म्हणाल्या, वर्षानुवर्षं घोकलेलं मेंदूत दुसरीकडे जपलेलं असतं. फिजिओथेरपीवाल्यांनी त्याच तालावर त्यांना उभं केलं, चालवलं. मी बाजूनं चालत मनात म्हणायची, परेड जपून ठेवलीत, माझ्यासाठी काही ठेवलंय का कुठं?

घरी आल्यावर ते डाव्या हाताची दोन बोटं दाखवायला लागले. मला वाटलं, दोन वाजताची गोळी. गोळी दिली की ढकलून द्यायचे. मला वाटलं, संडासला जायचंय. मला वाटलं, दोन भाकऱ्या. स्नेहल म्हणाली, "पप्पांना आकडे आठवत असतील." प्रत्येक वेळी ते "व्हय, व्हय" म्हणायचे आणि कपाळावर हात मारून घ्यायचे. माणूस पुढ्यात बसलेला, आणि मला त्याची फोनवरच्यापेक्षाही जास्त आठवण यायची. तेव्हा निदान आवाज तरी होता.

स्नेहलचा प्रवेश जवळ आला. दाखला त्याच आठवड्यात कॉलेजला द्यायचा होता. तिचा अर्ज आम्ही भरला. सैनिकाची सही पाहिजे होती. उजवा हात चालत नसेल तर डॉक्टरांचं पत्र आणि डाव्या हाताचा अंगठा चालतो, असं कळलं. आम्ही तिघं साताऱ्याला गेलो.

कार्यालयात कारकुनाच्या जागेवर एक रिटायर हवालदार होते, पिकल्या मिशांचे. ह्यांना बघून ते उठून उभे राहिले. खुर्ची दिली, कागद बघितले, शाईचा पॅड पुढं केला.

ह्यांनी पॅड ढकलून दिला. टेबलाला शाई लागली.

"पप्पा, आज न्हाई झालं तर माझी जागा जाईल वो," स्नेहल म्हणाली.

"व्हय," ते म्हणाले, आणि पुन्हा दोन बोटं.

मला वाटलं, अंगठ्याची लाज वाटतेय. सासऱ्यांनी जन्मभर अंगठाच उठवला होता. घराण्यात सही करणारे पहिले हेच. मी कानाशी जाऊन म्हटलं, "आवं, हात बरा झाला की करा की सही. आज पोरीसाठी एवढं करा." त्यांनी कपाळावर हात मारला. स्नेहल रडत व्हरांड्यात गेली. मला त्यांचा राग आला, खरं सांगते. आजारी माणसाचा राग येतो. येऊ नये असं कुणी सांगितलं तरी येतो.

हवालदार मात्र टेबल पुसून समोर बसले. "साहेब, दोन म्हंजी काय? दोन साक्षीदार?"

"व्हय." मान मात्र नाही म्हणाली.

"दोन फोटू?"

"व्हय." मान पुन्हा नाही. मी पहिल्यांदा नीट बघितली ती मान. मॅडमनी सांगितलेलं त्या दिवशी कळलं.

"दोन अर्ज?"

त्यांनी हवालदारांकडे बघितलं. मान हलायची थांबली.

"एक पोरीचा. दुसरा कुनाचा, साहेब?"

त्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या दंडावर ठेवला.

मला फळी आठवली. डबा आठवला. चार महिने माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं, आणि हा माणूस चार महिने तेच सांगत होता. मी तोंडाला पदर लावला.

"वहिनी, शिक्षण किती झालंय?" हवालदारांनी विचारलं.

"धाव्वी."

"मग तुमचाबी दाखला काढू की. त्यात काय आवघड हाय?" असं म्हणत त्यांनी कोरा अर्ज काढून ठेवला. ह्यांनी स्वतःच पॅड ओढून घेतला आणि त्या कोऱ्या अर्जावर खाली अंगठा उमटवला.

"साहेब, आदी भरू तरी द्या की वो!" हवालदार हसायला लागले. मी व्हरांड्यातून स्नेहलला बोलावलं. मग तिच्या अर्जावर अंगठा झाला. माझा अर्ज तिनंच भरला. 'सैनिकाशी नाते' या रकान्यात तिनं 'पत्नी' लिहिलं.

स्नेहल आता सांगलीला नर्सिंगला आहे. मी बाहेरून बारावीला बसायचा फॉर्म भरला. दुपारी भांडी उरकली की एका बाजूला माझं पुस्तक, दुसऱ्या बाजूला मॅडमनी दिलेली त्यांची चित्रांची कार्डं. मॅडम म्हणाल्या, मोठ्यानं वाचत जा, त्यांनाही उपयोग होईल. मी वाचायची, ते ओठ हलवायचे. मी अडखळले की ते बोट दाखवून थांबवायचे. हळूहळू शब्द आले. पाणी. पोरी. एकदा मी धडा बुडवून टीव्ही लावला, तर चक्क "न्हाई" आलं. त्या दिवशी गावात पेढे वाटावेत असं मला वाटलं.

पण खोटं आशादायक लिहायचं नाही, असं ठरवून बसले आहे. आज दोन वर्षांनी त्यांच्याकडे चाळीसेक शब्द आहेत. त्यातले काही सकाळी असतात, संध्याकाळी नसतात. मी ठेवून दिलेल्या त्या सगळ्या गोष्टी मीच त्यांना सांगते. ते ऐकतात, हसतात. पण त्यांनी ठेवलेल्या काय होत्या, ते मला कधी कळणार नाही. कुठल्या चौकीवर कुठली रात्र त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली होती, कुणास ठाऊक. तुमचं माणूस बोलतंय तोवर त्याला विचारा. कामं बाजूला ठेवून विचारा.

बारावीचा पहिला पेपर दहिवडीला होता. ते काठी घेऊन माझ्यासोबत एसटीनं आले. केंद्राबाहेर लिंबाच्या झाडाखाली आईबाप थांबले होते, त्यांच्यात सिमेंटच्या बाकावर बसले. तीन तास. आत माझ्या शेजारच्या बाकावर सतरा वर्षांची पोरगी होती, तिनं मला आधी सुपरवायझर समजून नमस्कार केला.

पेपर सुटला. मी बाहेर आले तेव्हा ते गर्दीत मान उंच करून बघत होते. त्यांच्या शेजारी बसलेली एक बाई माझ्याकडे बघून हसत पुढं आली.

"तुमीच व्हय?" ती म्हणाली. "म्या ह्यास्नी ईचारलं, तुमचं लेकरू कुठल्या वर्गात हाय? तर म्हनले, बायकू. मला आदी कळंना. परत ईचारलं तर लय ठासून म्हनले, बायकू, बायकू."

हा शब्द त्यांनी त्यापूर्वी कधी काढला नव्हता. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "परत म्हना की."

त्यांनी ओठ हलवले. बराच वेळ हलवले. शब्द गेला होता.

मग त्यांनी माझ्या हातातली प्रश्नपत्रिका घेतली, डाव्या हातानं उलगडली आणि पहिल्या प्रश्नावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले आणि काय काय लिहिलं ते पहिल्यापासून सांगायला लागले.