झाकणाची आतली बाजू

आमच्या ह्यांना बाजारात सगळे 'डबलचेक' म्हणतात. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला मी बक्षीस द्यायला तयार आहे. हा माणूस घराला कुलूप लावतो, चार पायऱ्या उतरतो, परत चढतो आणि कुलूप ओढून बघतो. दुरुस्तीला आलेला कॉम्प्युटर उघडला की त्यातले स्क्रू औषधांच्या रिकाम्या डब्यांत जातात, कुठला कुठल्या कोपऱ्यातला अशा चिठ्ठ्यांसकट. सुटं केलेलं प्रत्येक झाकण पिवळ्या फडक्यावर ठेवायचं, तेही चकचकीत बाजू वर करून, म्हणजे ओरखडा पडत नाही. ते फडकं मीच शिवून दिलंय. आमचं दुकान एक, धंदे दोन. दाराशी माझं शिलाई मशीन, आत त्यांचं टेबल. बावीस वर्षं मी त्यांच्याकडे पाठ करून बसते, तरी मागे काय चाललंय ते मला आवाजावरून कळतं.

एवढा काळजीचा माणूस चुकणार नाही, असं आम्हा दोघांनाही वाटायचं. घोडं पेंड खातं ते इथंच.

दीड वर्षापूर्वी ह्यांनी एका बस ड्रायव्हरना नवा कॉम्प्युटर जोडून दिला. दिवसभर बस चालवायची आणि घरी येऊन कॉम्प्युटरच्या गेममध्ये ट्रक चालवायचा, असा त्या गृहस्थांचा शौक. मी एकदा विचारलं, "दिवसभर चालवून पोट भरत नाही का हो?" तर म्हणाले, "वहिनी, तिथं मागून कोणी बेल मारत नाही."

पंधरा दिवसांत ते तक्रार घेऊन आले. गेम सुरू करून अर्धा तास झाला की चित्र थबकायचं, निळा पडदा यायचा आणि मग कॉम्प्युटर म्हणायचा, माझ्यात ड्राइव्हच नाही. ड्राइव्ह म्हणजे सगळं साठवून ठेवणारी एसएसडी, च्युइंगगमच्या पट्टीएवढी. दहा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा शहाण्यासारखा सुरू. पत्र टाइप करा, सिनेमा बघा, काही कुरकुर नाही.

ह्यांनी विंडोज नव्यानं टाकली, पॉवर सप्लाय बदलला. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या ड्राइव्हचं तापमान पाहिलं, ते ठीक होतं. शेवटी ड्रायव्हरसाहेबांनाच टेबलाशी बसवलं. ते वळणावर खांदासुद्धा कलवत होते. पस्तिसाव्या मिनिटाला, घाट उतरता उतरता, ट्रक जागच्या जागी थिजला. ह्यांनी निकाल दिला, ड्राइव्हच खराब.

ड्राइव्ह माझ्या धाकट्या भावाकडून आणलेली. तो कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा लहानसा घाऊक धंदा करायचा आणि आमचा सगळा माल त्याच्याकडचा. त्यानं एका शब्दानं न विचारता बदलून दिली. दुसरीही तशीच बंद पडली. तिसरीही. दर वेळी ह्यांनी पट्टीवरचं बोटभर लांबीचं धातूचं झाकण काढलं, फडक्यावर ठेवलं, नवी पट्टी बसवली, झाकण लावलं, स्क्रू जिथल्या तिथं. तिसऱ्यांदा ट्रक थिजला तेव्हा ह्यांचं डोकं फिरलं. तसेच भावाच्या दुकानात गेले. मीही सोबत होते.

तिथं चार-पाच दुकानदार माल घ्यायला उभे होते. त्यांच्या देखत हे ओरडले, "एक खराब निघते, मान्य. पण तीन? नकली माल बहिणीच्याच घरात घालतोस?"

भाऊ पांढराफटक पडला. "भाऊजी, हळू बोला. माल चांगला आहे. त्या मशीनमध्येच काही असेल, एकदा बघा."

"तू मला शिकवणार? मी दोनदा बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही!"

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "उगाच का बोलतील ते?"

त्यानं तिसरी ड्राइव्हही परत घेतली आणि मुकाट्यानं पैसे काढून दिले.

मग ह्यांनी दुसऱ्याच दुकानातून जुन्या पद्धतीची, चपट्या डबीसारखी एसएसडी आणली. ती वेगळ्या जागी बसते, वायरनं जोडतात. ट्रक तासन्‌तास धावला. झालं, आता आणखी काय पुरावा हवा? ड्राइव्ह बदलली तशी जागाही बदलली, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. बाजारात मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. घरचाच माणूस नकली म्हणतोय म्हणजे असणारच! सहा महिन्यांत भावाचं दुकान बंद झालं. तो एका गोदामात खोकी तपासायच्या नोकरीला लागला. आमचं येणंजाणं तुटलं. मुलगी विचारायची, "मामा का येत नाही?" मी सांगायचे, "कामात असतो."

गेल्या महिन्यात ड्रायव्हरसाहेब पुन्हा आले. गेम वाढले, साठवायला जागा पुरत नाही, तर ती पट्टीची मोकळी जागा वापरू, म्हणाले. ह्यांनी स्क्रू काढले, झाकण उचललं. पण फडकं मी नेमकं धुवायला टाकलं होतं. झाकण कुठं ठेवावं म्हणून हे ते हातातच घेऊन उभे राहिले. मग मागचे सगळे आवाज थांबले आणि मी वळून पाहिलं.

त्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक मऊ राखाडी पट्टी असते. ड्राइव्ह तापली की ही पट्टी तिची उष्णता ओढून झाकणाला देते. पट्टीवर कारखान्यातून एक पातळ निळसर प्लॅस्टिक येतं, ते जोडणाऱ्यानं सोलून काढायचं असतं. ते तसंच होतं, कॉम्प्युटर जोडला त्या दिवसापासून. गेमच्या ओझ्यानं ड्राइव्ह तापायची, उष्णतेला नीट वाट मिळायची नाही आणि बिचारी बंद पडायची. प्लॅस्टिकवर तिन्ही ड्राइव्हच्या खुणा उमटल्या होत्या, एकीवर एक.

"माझंच चुकलं," हे म्हणाले. "तिन्ही वेळा मी वरचीच बाजू बघितली."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मग मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. माझ्या भावाचं दुकान खाल्लंत, इथपर्यंत गेले. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. 'तूही होतीस की तिथं' एवढं तरी म्हणायचं! तेही म्हणाले नाहीत.

तीन दिवस त्यांना अन्न गोड लागेना. मी सुचवलं, त्याला घरी बोलवू, शांतपणे सांगू. तर म्हणाले, "आरोप चारचौघांत केला, माफी घरात कशी मागू?" ते झाकण खिशात घालून ते त्या दिवशी हजर असलेल्या एकेका दुकानदाराकडे गेले आणि स्वतःची चूक सांगून आले. एक जण हसला. "आता सांगून काय उपयोग? त्याचं दुकान तर गेलं."

शेवटी आम्ही दोघं गोदामात गेलो. जेवणाची सुट्टी होती. भाऊ बाहेर आला. वाळला होता. आजूबाजूला दहा-बारा कामगार डबे खात बसले होते. ह्यांनी झाकण उलटं करून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुझा माल चांगला होता. चूक माझी होती. मी तुला नकली म्हणालो, तुझा धंदा बुडवला."

भावानं प्लॅस्टिकचा कोपरा नखानं उचलला आणि ते सोलून काढलं. "हे काढायचं राहिलं वाटतं," तो म्हणाला, जणू दुसऱ्याच कुणाच्या मशीनबद्दल बोलत होता. मग म्हणाला, "माल चांगला होता हे मला माहीत होतं, भाऊजी. तुम्ही तिसरी परत दिलीत त्याच दिवशी मी तिन्ही लावून बघितल्या. एकही थांबली नाही. त्यातली एक अजून माझ्याकडे चालतेय."

ह्यांना रडू आवरेना. माझा मात्र भांडणाचा सूर काही सुटला नव्हता. "अरे, मग सांगायचं नाहीस का तेव्हाच? दुकान तरी वाचलं असतं!"

"फोन केला होता, ताई. तुलाच. चार दिवस करत होतो."

खरं होतं. शिलाई मशीनवर फोन वाजायचा, त्याचं नाव दिसायचं. आता सारवासारव करेल, कशाला ऐकायची, असं म्हणून मी मशीनचं पायडल जोरात मारायचे, म्हणजे रिंग ऐकू येत नसे. ह्यांना मी कधी सांगितलंही नाही. त्या दिवशी, गोदामाच्या दारात, त्यांना पहिल्यांदा कळलं. सुट्टी संपली तसा भाऊ "या सावकाश" म्हणून आत गेला.

आता रोज संध्याकाळी मी त्याला फोन करते. तो पहिल्याच रिंगला उचलतो. तेच मला सोसवत नाही.